मालतीला इंग्रजी समजत होतं

साल दोन हजार चोवीस, माझं वय शहात्तर. त्या वर्षी माझी बायको मालती गेली. तिला कॅन्सर होता, हे मला ती गेल्यावर महिन्यानं कळलं. घरात मी एकटाच असा होतो ज्याला ठाऊक नव्हतं.

मी चौथी शिकलो आणि जबलपूरला रिछाईच्या कारखान्यात लेथ मशीनवर चाळीस वर्षं उभा राहिलो. कुणापुढं मान खाली घातली नाही. ती जायच्या दोन वर्षं आधी मालती मंदिराच्या हॉलमध्ये इंग्रजी शिकायला जायला लागली तेव्हा मी हसलोच. शेजारची नेहा तिथं बायकांना रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी शिकवायची. मालती पोळ्या लाटता लाटता घोकत राहायची... गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर. मी म्हणायचो, “एक शब्द आणि त्याच्यामागं किती शेपट्या! या वयात कोणत्या कलेक्टरशी बोलायचं आहे तुला?” ती म्हणायची, “बँकेत इंग्रजी, दवाखान्यात इंग्रजी. लोक माझ्याचबद्दल बोलतात अन् मी भिंतीसारखी बसून राहते. तुम्हाला चालत असेल, मला नाही चालत.” आणि पुढची पोळी घ्यायची... गिव्ह इन, गिव्ह अप.

मग तिचं पोट दुखायला लागलं. मुलगा संजय आम्हा दोघांना डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टर रिपोर्ट बघून त्याच्याशी बराच वेळ इंग्रजीत बोलला, मग आमच्याकडं वळून म्हणाला, “कुछ नहीं माताजी, आंतों में सूजन है. आराम कीजिए.” मी खुश. मालती नुसती पंख्याकडं बघत होती. मला वाटलं, थकली.

आम्हा जबलपूरच्या मराठी माणसांची जुनी खोड आहे. भाजीवाल्यासमोर भावाचं बोलायचं तर मराठीत, म्हणजे त्याला कळू नये. मी जन्मभर तेच केलं. माझ्या पोरानं माझ्यासमोर तेच केलं, फक्त इंग्रजीत... आणि भाजीवाला मी.

त्यानंतर ती जगली ते तीनच महिने. त्यांत तिनं एकच गोष्ट मागितली. “अहो, पनागरला माझ्या ताईकडं चार दिवस राहून येऊ. तुम्ही पण चला.” मी म्हटलं, “आधी बरी हो. तिथं शेतात मटार निघाले की जाऊ, मजेनं राहू.” ती म्हणाली, “अच्छा, चालेल.” पुन्हा विषय काढला नाही. मटार निघाले तेव्हा ती नव्हती.

ती गेल्यावर महिन्यानं नेहा भेटायला आली. म्हणाली, “काका, काकींनी किती धीरानं घेतलं! कॅन्सर म्हटलं की माणूस तिथंच खचतो.”

“कोणता कॅन्सर?” मी विचारलं.

तिचा चेहराच उतरला. मग तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर संजयला कॅन्सर न म्हणता ट्यूमर म्हणाला होता, आणि वर, आईला सांगू नका, शी विल गिव्ह अप. मालतीला ते तिथंच समजलं होतं. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये येऊन म्हणाली, “मी काही गिव्ह अप नाही करणार. पण ह्यांना सांगू नको. हे आधी दवाखाना डोक्यावर घेतील, मग न्हाणीघरात जाऊन रडतील.”

संध्याकाळी संजय आला तसं मी त्याला धरलं. “काहून लपवलं बे?”

“बाबा, तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. आईला कळून गेलं असतं.”

“तिला कळलंच होतं, मूर्खा! मलाच नव्हतं.”

आईला कळलंय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मला त्याची दया आली नाही.

राग अजून उतरलेला नाही. डॉक्टरचा आहे, पोराचा आहे, मालतीचाही आहे... पन्नास वर्षांच्या संसारात इतकी मोठी गोष्ट एकटीनं ठेवून घेतली. पण जास्त माझा आहे. तिला चार दिवस हवे होते आणि मी मटारची वाट बघून राहिलो. त्या दिवशी दवाखान्यातून निघताना नुसतं, “काय म्हणाला गं डॉक्टर?” एवढं विचारलं असतं, तर ती खोटं बोलली नसती. पण बायकोला विचारायचं, तेही इंग्रजीतलं? मला ते जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची फाईल काखेत मारून एकटाच डॉक्टरकडं गेलो. टेबलावर ठेवली. म्हटलं, “पढ़िए. एक-एक लाइन, हिंदी में.”

“दादाजी, अब इससे क्या होगा?”

मी खुर्ची ओढून बसलो. “कुछ होने के लिए नहीं आया. मेरी औरत की बात है, मुझे समझनी है.”

त्यानं चष्मा लावला आणि पहिलं पान वाचायला घेतलं. जो शब्द कळला नाही, तिथं मी त्याला थांबवलं.