सहादूभाऊंचा ळ

१९८१ सालची गोष्ट. शनिवारी सकाळी सातपूरच्या आमच्या कारखान्याच्या फाटकावर काळी, जाड अक्षरं दिसली: टाळेबंदी. अक्षरं सहादूभाऊंची होती.

निफाडहून आलेले सहादूभाऊ अकरा वर्षं पत्र्यात अक्षरं कापत होते. त्यांच्या स्टेन्सिलवरून रंग फिरवला की खोक्यावरचं ‘सावकाश उचला’ दुरूनही वाचता येई. पण खोक्यांना ळ कधी लागलाच नव्हता.

बुधवारी त्यांनी मला विचारलं होतं, “मराठीचा बी.ए. ना तू? ळचे दोन्ही गोळे गळून पडू नयेत म्हणून पट्ट्या कुठं ठेवू?” मी हौसेने पत्र्यावर पेन्सिलीने जागा दाखवली. कशासाठी, हे विचारलंच नाही.

फाटकावरच्या ळमध्ये पट्ट्या तिथेच होत्या.

“कुणी कापलं हे?” गोरक्ष फिटर ओरडला.

“मी,” सहादूभाऊ म्हणाले. “साहेबांनी बुधवारी सांगितलं. कुठं बोललास तर पहिला तूच बाहेर, म्हणाले.”

“आणि तीन दिवस आमच्यात बसून भाकरी खाल्ली? लाज नाय वाटली, भाऊ?”

“वाटली.”

“अजून कोण होतं संगं?”

सहादूभाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“कुणी नाही. एकट्यानं कापलं.”

माणसं त्यांच्यापासून दूर सरकली. मीही सरकलो.