पावण्याला भाव कसा सांगायचा?

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ड्रॉवरमधल्या रबरबँडसारखे ते आपोआप साठतात. एक शोधायला जावं तर दहा हाताला लागतात. आमच्या मंचाच्या ऑफिसात कपाटं दोन, त्यातलं एक उघडत नाही, पण किस्से म्हणाल तर दारापर्यंत रचून ठेवलेत!

मंचाचं नाव लांबलचक आहे, ते मलाही बोर्ड बघितल्याशिवाय पूर्ण येत नाही. अर्थ एवढाच, की जिल्ह्यातल्या गावोगावच्या छोट्या उद्योजकांनी एकमेकांचा हात धरायचा, एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचं आणि सगळ्यांनी मिळून मोठं व्हायचं. ऑफिस कोल्हापुरात, एका हार्डवेअरच्या दुकानावर. अध्यक्ष आप्पासाहेब. आयुष्यभर फाउंड्री चालवली, त्यामुळे मशीन बंद असतानाही ते मशीनवरच्या आवाजात बोलतात. मी समन्वयक, म्हणजे फोन मी उचलते, इतिवृत्त मी लिहिते आणि सतरंजीही मीच झटकते.

आमच्या अनुदानावर देखरेख करणारे एक साहेब पुण्यात असतात. त्यांनी पहिल्याच पत्रात अट घातली होती. वर्षभरात मंचामुळे मिळालेली एक तरी लेखी, सही-शिक्क्याची ऑर्डर फाइलला लागली पाहिजे. नाही लागली, तर मार्चअखेर ऑफिस बंद. माझं घर याच पगारावर चालतं, त्यामुळे ते पत्र मला तोंडपाठ होतं. एक ऑर्डर. त्यात काय अवघड, असं मला तेव्हा वाटलं होतं.

*

पहिली बैठक. विषयपत्रिकेवर एकच विषय, 'परस्पर ओळख'. प्रत्येकानं दोन मिनिटं आपल्या धंद्याबद्दल बोलायचं, असं ठरलं.

पहिले उठले हुपरीचे शौकतभाई. चांदीचे पैंजण आणि लहान मुलांचे वाळे करतात, घरातच कारखाना. त्यांनी नाव सांगितलं मात्र, आप्पासाहेब म्हणाले, "थांबा पावणं. हुपरीत कुठल्या गल्लीत?" गल्ली निघाली, आजोबा निघाले आणि त्या आजोबांनी आप्पासाहेबांच्या आजीचे तोडे घडवल्याचंही निघालं. मग आजऱ्याच्या सुमनअक्का उठल्या. बायका हाताशी धरून काजू फोडायचा कारखाना चालवतात. त्यांची जाऊ आप्पासाहेबांच्या साडूच्या गावची निघाली. दोन तासांत अख्खी खोली एकमेकांच्या नात्यात निघाली आणि धंद्याचा शब्द कुणी काढला नाही.

इतिवृत्तात काय लिहायचं, मला सुचेना. शेवटी जे घडलं तेच लिहिलं. 'सर्व सभासद एकमेकांचे पाहुणे असल्याचे निष्पन्न झाले.' पुण्याहून साहेबांचं उत्तर आलं, की निष्पन्न झालेले पाहुणे कोणत्या रकान्यात भरायचे ते कळवावे.

*

मग मी सगळ्यांना व्हिजिटिंग कार्डं छापून घ्यायला लावली. सुमनअक्कांनी ती आजऱ्यातल्या लग्नपत्रिकावाल्याकडे दिली. त्यानं हाताच्या सवयीनं वर गणपती टाकला आणि खाली 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' टाकलं. अक्कांना ते शोभून दिसलं. त्यांनी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं आणि पहिलं कार्ड एका मिठाईवाल्याच्या हातात दिलं.

तो रविवारी आजऱ्यात हजर, सहकुटुंब! बायको, दोन मुलं, म्हातारी आई आणि आहेराला स्टीलची कळशी. अक्का काही गडबडल्या नाहीत. त्यांनी जेवण घातलं, म्हातारीची ओटी भरली, मुलांच्या हातात काजूच्या पिशव्या दिल्या आणि गाडीपर्यंत सोडायला गेल्या.

सोमवारी मी धावतपळत फोन केला, ऑर्डरचं काय झालं म्हणून. अक्का म्हणाल्या, "मॅडम, पैल्यांदा दारात आल्याली माणसं. त्यास्नी काय धंद्याचं इचारायचं?"

*

अभ्यासदौऱ्याला आम्ही एसटीनं हुपरीला गेलो. शौकतभाईंच्या पुढच्या खोलीत घरची माणसं साखळीला घुंगरू जोडत बसलेली, आतून रश्श्याचा वास. धंद्याचं बोलणं जेवल्यावर करू, असं ठरलं. इथंच घोडं पेंड खातं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

जेवता जेवता सुमनअक्कांनी नामी कल्पना काढली. बारशाची पेटी! एका बाजूला बाळासाठी चांदीचे वाळे, दुसऱ्या बाजूला बाळंतिणीसाठी आजऱ्याचे काजू. शौकतभाईंच्या ओळखीचा एक दुकानदार अशा पेट्या घ्यायला एका पायावर तयार होता. मला तर डोळ्यांसमोर ऑर्डर दिसायला लागली. हात धुऊन मी वही काढली आणि काजूचा दर विचारला.

अक्का पदराशी चाळा करत म्हणाल्या, की भावाच्या घरी काजू पाठवायचे त्याला दर कसला. शौकतभाई म्हणाले, मग अक्काला वाळेही असेच. मी आप्पासाहेबांकडे बघितलं. ते माझ्यावरच उखडले. "मॅडम, आत्ता ह्यांच्या घरचं मीठ खाल्लंय. हात सुकला न्हाई आनि भाव इचारताय?"

येताना एसटीत प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी होती. माझ्याही. धंदा शून्य, आहेर भरपूर!

*

हे असंच चालू राहिलं तर माझी नोकरी गेलीच, म्हणून मी पुण्याहून एक ट्रेनर बोलावला. विषय, 'दर कसा ठरवावा.' गडी टाय लावून आला. त्यानं स्वतः गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं, अक्कांना विक्रेता केलं आणि घासाघीस सुरू केली. महाग आहे, कमी करा, म्हणाला.

अक्का म्हणाल्या, "असूं द्या की. तसंच न्या."

असं करायचं नसतं, तुम्ही अडून बसायचं असतं, असं त्यानं समजावलं. पुन्हा खेळ. पुन्हा अक्का तसंच न्या म्हणाल्या. तिसऱ्या वेळी तो इतका हातघाईवर आला की अक्कांच्या बाजूनंही तोच बोलायला लागला. अर्धा तास तो स्वतःशीच घासाघीस करत होता आणि सभासद कौतुकानं बघत होते. शेवटी तो स्वतःलाच हरला. जाताना त्याच्या बॅगेत दोन किलो काजू आणि गुळाची एक ढेप होती. त्यानं फीडबॅक फॉर्ममध्ये 'अत्यंत प्रेमळ गट' असं लिहिलं.

*

मग मी आप्पासाहेबांना स्पष्ट सांगितलं, की खाणंपिणं बंद केल्याशिवाय धंदा होणार नाही. त्यांना ते पटलं. पुढची बैठक मुद्दाम जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मलकापुरात घेतली, कारण तिथं कुणाचंच घर नव्हतं. हॉल भाड्याचा, जेवण नाही, चहासुद्धा नाही.

लोक आले, सतरंजीवर बसले. चूल पेटलेली नाही, कपबशी वाजत नाही. एकेकाचं तोंड उतरत गेलं. शौकतभाईंनी डोक्यावर रुमाल घेतला. अक्का माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "कोन गेलं वो मॅडम?"

अकरा मिनिटांत बैठक आटोपली. दोघं तर उठताना मला 'सांभाळून ऱ्हावा' म्हणाले. आणि हॉलचा मालक किल्ली घ्यायला आला, तो नेमका आप्पासाहेबांच्या मेव्हण्याचा मित्र निघाला. त्यानं सगळ्यांना घरी नेऊन जेवायला घातलं.

*

फेब्रुवारी संपत आला आणि मग देवच पावला. शौकतभाई आणि सुमनअक्कांचं भांडण झालं!

शौकतभाई अक्कांच्या नातीला वाळे द्यायला आजऱ्याला गेले होते. अक्कांनी ओल्या काजूची उसळ केली, ताट वाढलं. शौकतभाई म्हणाले, मी जेवून आलोय. अक्कांनी आग्रह केला, गळ घातली. ते काही केल्या बसले नाहीत आणि उभ्या उभ्या निघून गेले. भरलं ताट तसंच राहिलं.

आमच्याकडे माणूस एकवेळ शिवी विसरेल, हे विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी मंचाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अक्कांचा मेसेज आला. 'यापुढे हुपरीकरांना काजू हवे असल्यास लेखी मागणी करावी.' शौकतभाईंनाही राग आला. दोन दिवसांत लेटरहेडवर ऑर्डर आली, बारशाच्या पेट्यांसाठी चाळीस किलो काजू, खाली सही आणि शिक्का. 'माल हलका आढळल्यास परत केला जाईल.' अक्कांनी तिच्यावरच उलट लिहिलं, 'दर एकच. रिकाम्या पिशव्या परत कराव्यात.' सही, शिक्का! वर एक कार्बनचं ऑर्डरबुकही विकत घेतलं.

दोन भल्या माणसांचं भांडण बघून झाला तितका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता, आणि त्याची लाजही वाटत होती. मी ती ऑर्डर फाइलला लावली. आप्पासाहेबांनी बजावलं, "साह्यबाची सही हुईपतूर ह्यास्नी गोड हू द्यायचं न्हाई." महिनाभर आम्ही दोघांना वेगवेगळ्या दिवशी ऑफिसात बोलावत होतो.

*

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात साहेब आले. भर दुपारी. फाइल उघडली, ऑर्डर वाचली आणि खूश झाले. म्हणाले, किती व्यावसायिक भाषा आहे, मला या दोघांना भेटायचंच आहे, समोर बसवून सही करतो. आमचा इलाज नव्हता.

दोघं आले आणि टेबलाच्या दोन टोकांना बसले. अक्कांच्या मांडीवर दोन पुडांचा डबा होता. अक्का डब्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि सहज विचारलं, की तुमच्या या व्यवहाराची सुरुवात कशी झाली.

आप्पासाहेबांना जोराचा खोकला आला. पण शौकतभाईंना तेवढंच निमित्त पुरलं. ते खाली बघत म्हणाले, "अक्का, त्या दिशी सकाळीच दाढ काढलीवती. तोंडात कापूस. बाईमाणसापुढं तोंड उघडून काय दावायचं, म्हून बोललो न्हाई." आणि त्यांनी तोंड उघडून दाखवलं.

अक्कांनी चष्मा लावून वाकून बघितलं. दाढ खरंच नव्हती. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मग पेज करून दिली असती की रं भावा."

आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्यांनी फाइलमधून ती ऑर्डर ओढली आणि टराटरा फाडली. काजू न्यायला ये, भावाला कसली ऑर्डर, असं म्हणत त्यांनी ते तुकडे पर्समध्ये टाकले.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, मला वाईट वाटतं, पण आता फाइलला काहीच नाही, मी सही कशावर करू? आप्पासाहेब पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, पण काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही.

अक्कांना यातलं कशाचंच भान नव्हतं. त्यांनी डबा उघडला, दोन्ही झाकणांत भाकरी आणि काजूची उसळ वाढली. एक झाकण शौकतभाईंपुढं ठेवलं, दुसरं साहेबांपुढं.

साहेब घड्याळ बघत उठले. म्हणाले, "नको, नको. मी जेवून आलोय."

शौकतभाईंचा घास हातातच राहिला.

अक्कांनी साहेबांपुढचं झाकण उचललं आणि डबा बंद केला. पर्समधून ऑर्डरबुक काढलं, कार्बन सारखा केला आणि पुन्हा चष्मा लावला. आप्पासाहेब शिक्क्याचं पॅड उघडत होते.

"बोला साह्यब," अक्का म्हणाल्या. "किती किलो लिवू?"