कुंकू लावलेलं पेडल

माझा उजवा पाय लहानपणापासून हलतो. बसलो की हलतो, जेवताना हलतो, परीक्षेला बसलो की पुढच्याचं बाकसुद्धा हलवतो. सांगलीला अण्णा, म्हणजे माझे वडील, शेजारी असले की काही न बोलता गुडघ्यावर चापट मारायचे. पाय हलवणाऱ्याच्या घरात लक्ष्मी टिकत नाही, असं आई म्हणायची. अण्णांना लक्ष्मीचं काही पडलेलं नव्हतं. ते शाळेत मास्तर होते आणि संध्याकाळी कीर्तनाला, नाटकाच्या तालमींना तबल्याची साथ करायचे. त्यांना भीती एवढीच, की ह्याचा पाय एक दिवस तबल्याला लागणार.

आणि तो लागायचाच. मग रियाज तिथेच थांबायचा. मी डग्ग्याला हात लावून तो कपाळाला लावायचा, आणि मात्रा पहिल्यापासून सुरू. दहा-बारा वर्षं हे झालं. त्यामुळे तबला मला बरा येऊ लागला, पण त्याहून पक्की एक गोष्ट अंगात बसली. वाद्याला पाय लागला की हात आपोआप कपाळाकडे जायचा. ते मी ठरवून करत नव्हतो.

अठ्ठ्याण्णव साली सॉफ्टवेअरच्या कामासाठी डब्लिनला आलो. दोन वर्षांसाठी आलो होतो. तेव्हा आम्ही सगळेच दोन वर्षांसाठी आलेलो असायचो. मी ल्यूकन ह्या उपनगरात खोली घेतली, सहा महिन्यांनी दुसरी, मग तिसरी. कुठे मन म्हणून लागेना. सांगलीला जाऊन आलो तर तिथेही आठव्या दिवशी परतीचं तिकीट काढून बघावंसं वाटायचं. रोज बसने ऑफिसला जायचो, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचो आणि समोरच्या दांडीवर बोटांनी वाजवत राहायचो. आपण असं करतो हे मला माहीतच नव्हतं. एके दिवशी शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हर मागे वळला. पन्नाशीचा, लालबुंद मानेचा माणूस. म्हणाला, आठ महिने तू माझ्या कानामागे वाजवतो आहेस. एक तर थांबव, नाहीतर रविवारी तीन वाजता ये. आणि त्याने एका पबचा पत्ता सांगितला.

तो बेस गिटार वाजवायचा. त्याचा पाच जणांचा बँड दर रविवारी दुपारी त्या पबमध्ये रिदम अँड ब्लूज वाजवायचा. लोक रोस्टचं जेवण जेवत असायचे, पोरं टेबलांखाली खेळत असायची. ड्रमवर एक म्हातारा होता. साठ सालच्या सुमाराला तो नाचाच्या हॉलांमधून वाजवत फिरला होता. गावोगाव एका व्हॅनमधून, कोट-टाय घालून, सहा-सहा तास. पुढे ते हॉल बंद पडले. तो बिस्किटांच्या कारखान्यात लागला आणि रविवारपुरता ड्रमर राहिला. त्याला कुणी मोठा म्हणत नव्हतं. पण तो वाजवायला लागला की जेवणाऱ्यांचे चमचे त्याच्या लयीत पडायचे, आणि त्यांना ते कळायचंही नाही. मी ते बघितलं आणि माझा पाय पहिल्यांदा कुठल्या तरी कारणासाठी हलला.

दोन वर्षं मी शनिवारी सकाळी त्याच्या गॅरेजमध्ये शिकायला गेलो. हात पटकन बसले, तबल्याची कृपा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, म्हणजे समोरचा काठीने वाजवायचा छोटा ड्रम, मारायची, हेही जमलं. समेवर जोर द्यायची खोड मोडायला तेवढा एक हिवाळा गेला. पुढे म्हाताऱ्याचा खुबा गेला, जिना चढवेना, आणि दोन हजार एकमध्ये तो वेक्सफर्डला मुलीकडे राहायला गेला. जाताना त्याने त्याचं स्टूल मला दिलं. स्टुलाबरोबर बँडमधली जागाही मला मिळाली.

मला ही जागा किती हवी होती, हे सांगितलं तर हसाल. ऑफिसात मी टीम लीड झालो, ल्यूकनमध्ये घर घेतलं, लग्न झालं, मुलगी झाली. ह्यातल्या प्रत्येक गोष्टीच्या वेळी आतून कुणीतरी विचारायचं, आता पुढे काय? फक्त रविवारी तीन ते पाच ते आतलं कुणी तोंड उघडायचं नाही. आठवड्याचे तेवढेच दोन तास मी जिथे बसलो होतो तिथेच असायचो.

आणि ती जागा जायची वेळ आली ती पायामुळे.

ड्रमसेटमध्ये जमिनीवर आडवा ठेवलेला जो मोठा ड्रम असतो, तो पायाने वाजवतात. पायाखाली पेडल असतं, ते दाबलं की ठोका बसतो. ह्या संगीताचा सगळा भार त्या ठोक्यावर. माझा पाय पेडलवर जायचा, पण दाबताना शेवटच्या क्षणी कच खायचा. एखाद्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखा ठोका पडायचा. बूट काढून मोज्यांवर वाजवून बघितलं. निम्मा फरक पडला. शिवाय पबमध्ये मला ‘मोजेवाला’ नाव पडलं ते वेगळंच. कधी जोरात दाबला गेलाच तर हात काठीसकट कपाळाकडे निघायचा आणि मी तो वाटेत अडवायचो. तेवढ्यात स्नेअरचा ठोका चुकलेला असायचा.

बसवाला बेस वाजवताना सारखा माझ्या पायाकडे बघायचा. एक दिवस त्याने बाजूला घेतलं. “तुझे हात ग्रँड आहेत,” तो म्हणाला. “पण खाली जमीनच नाही. मी हवेत किती दिवस वाजवू?” मी त्याला कारण सांगितलं नाही. चाळिशीला टेकलेला, अकरा इंजिनिअरांवर हुकूम चालवणारा माणूस काय सांगणार, की वडील रागावतील म्हणून? तो म्हणाला ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत बघू. ड्रम वाजवणारा फिंग्लसचा एक मुलगा त्याने ऐकून ठेवला होता. मी पेडल काढून घरी आणलं आणि रोज सकाळी बाथरूमचं दार लावून उशीवर ठोके मारत बसलो. उशी काही वाद्य नव्हती. तिच्यावर पाय छान चालायचा.

ते साल दोन हजार तीन. नेमके तेव्हाच आई-अण्णा तीन महिन्यांसाठी आले. अण्णांनी तबला-डग्गा सोबत आणला होता. तीन महिने रियाजाशिवाय कसे काढायचे, म्हणून. फोनवर मी त्यांना इतकी वर्षं एवढंच सांगत होतो, की इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तबल्याची साथ करतो. तेही खरं होतं. उरलेलं सांगितलं नाही, आणि पेडल टॉवेलांच्या मागे लपवलं. इथे घराघरात गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, कपडे उबदार राहतात त्यात. त्याला हॉट प्रेस म्हणतात. अण्णा त्या कपाटाला हात लावणार नाहीत असं का वाटलं, कोण जाणे. सत्तरीच्या माणसाला डब्लिनच्या थंडीत आंघोळीनंतर उबदार टॉवेल सोडून दुसरं काय हवं असतं?

खंडेनवमी शनिवारी होती. मी दूध घेऊन आलो तर हॉलमध्ये पूजा मांडलेली. पाटावर अण्णांचा तबला, शेजारी माझा लॅपटॉप, बायकोची शिलाईची कात्री, मुलीचे रंगीत खडू, सुपरमार्केटातली पिवळी शेवंती. आणि ह्या सगळ्यांच्या बरोबर मधे माझं पेडल. हळद लावलेलं. जिथे टाच टेकते तिथे कुंकवाचं ठसठशीत बोट.

“कपाटात कशाला लपवून ठेवलायस हे?” अण्णा म्हणाले. “हत्यार आहे ना? शिलाई मशीनचं दिसतंय.”

खोटं बोलायची ह्यापेक्षा चांगली संधी आयुष्यात आली नव्हती. हो म्हटलं असतं तर संपलं होतं. मला जमलं नाही. मी पाटासमोर उभा राहून सगळं सांगितलं. बस, पब, म्हातारा, पायाचा ड्रम, सगळं. लाज वाटत होती, आणि लाज वाटते ह्याचा रागही येत होता. बोलता बोलता उजवा पाय हलायला लागला. अण्णांनी त्या पायाकडे बघितलं, पण चापट मारली नाही. उदबत्ती लावली आणि आत गेले. आई म्हणाली, त्यांना वेळ दे. वेळच तर नव्हता. दुसऱ्या दिवशी तो रविवार होता.

दसऱ्याच्या दुपारी मी पाटावरचं पेडल उचललं तेव्हा अण्णा कानटोपी आणि कोट घालून दारात उभे होते. येतो म्हणाले. पबमध्ये त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची धरली. काउंटरवरच्या बाईने विचारून विचारून शेवटी लिंबू घातलेलं गरम पाणी दिलं. मी पेडल ड्रमला जोडलं. बसवाल्याने विचारलं, हे लाल काय लागलंय? मी म्हटलं, काही नाही. पुसायचं धाडस माझ्यात नव्हतं. पूजेचं कुंकू पुसायचं कशाने, मोज्याने?

पहिलं गाणं कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही. एरवी पाय कच खायचा, त्या दिवशी तो उतरलाच नाही. कुंकवावर टाच ठेवायची आणि समोर अण्णा! मी नुसत्या हातांनी वाजवलं. बसवाला दोनदा मागे वळला, तिसऱ्यांदा वळला नाही. ते जास्त वाईट होतं. गाणं संपलं तेव्हा मला कळलं की मी आता परत बसमधल्या सीटवर जाऊन बसणार, दांडीवर बोटं आपटत.

अण्णा उठले. गुडघ्यांवर हात ठेवत, टेबलांमधून वाट काढत ड्रमपाशी आले. मला वाटलं, चल घरी म्हणतील. ते कष्टाने खाली वाकले, मोठ्या ड्रमला हात लावला, मग पेडलला, माझा पाय तिथे असतानाच. हात कपाळाला लावला. आणि माझ्याकडे बघून, नेहमीच्या रियाजाच्या आवाजात म्हणाले,

“नमस्काराचं मी बघतो. तू पाय लाव. आणि लावतोयस तर नीट लाव.”

ते जागेवर जाऊन बसले. बसवाल्याला काही समजलं नव्हतं. त्याने फक्त पुढचं गाणं मोजलं. मी टाच टेकवली आणि दाबलं. ठोका पडला. स्टुलातून तो माझ्याच पाठीत आला. चौथ्या ओळीपर्यंत बसवाला माझ्याकडे वळून उभा राहिला होता, आणि पबकडे त्याची पाठ होती. अण्णा मात्र हातांकडे बघत नव्हते. पूर्ण दोन तास ते माझ्या पायाकडे बघत होते, आणि मांडीवर मात्रा मोजत होते. परतताना त्यांनी एवढंच सांगितलं, की तिसऱ्या गाण्यात तू लय चढवलीस.

फिंग्लसच्या मुलाला कुणी फोन केला नाही. इंटरव्हलमध्ये बसवाल्याने, ते गृहस्थ खाली वाकून काय करत होते, असं विचारलं होतं. मग मी त्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तो हसला नाही. एवढंच, आधी का नाही बोललास, असं दोनदा म्हणाला.

पुढची तीन वर्षं मी निर्धास्त वाजवलं. मध्यंतरी आईने फोनवर सांगितलं, की रविवारी संध्याकाळी, इथे तीन वाजतात त्या सुमाराला, अण्णा न चुकता तबल्याला हात लावतात आणि कपाळाला लावतात. “तुझ्या वाटचा नमस्कार,” आई म्हणाली. अण्णा स्वतः ह्याबद्दल कधी बोलले नाहीत.

दोन हजार सातच्या सुरुवातीला अण्णा गेले. मी पोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं. तेराव्यानंतर परत आलो, आणि आल्याच्या रविवारी वाजवायला गेलो. घरी बसवत नव्हतं. सगळे प्रेमाने भेटले. मी स्टुलावर बसलो, गाणं सुरू झालं, आणि टाच खाली जाताना मला आठवलं की आता सांगलीत माझ्या वाटचा नमस्कार करणारं कुणी नाही. पाय हवेतच राहिला. पूर्वीसारखाच.

बसवाल्याने गाणं थांबवलं. जेवणारे वर बघायला लागले. त्याने गिटार खांद्यावरून काढून खुर्चीला टेकवली आणि माझ्याकडे आला. साठीला आलेला जड माणूस, वाकताना कण्हला. आधी कपाळाला हात लावला, मग पेडलला. क्रम उलटा होता.

“तुझे वडील करायचे ना? आता हे माझ्याकडे,” तो म्हणाला. “तू मार.”

मी त्याचा क्रम दुरुस्त केला नाही. डोळे पुसले, चार मोजले, आणि पाय लावला.