चमचाभर तूप

ही गोष्ट सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. घरात कोणी विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो.

मुलाकडे दुबईला गेलो होतो. नात सात वर्षांची. तिला दुधाची ॲलर्जी. दही, लोणी, तूप, काहीच चालत नसे. तिथल्या इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीतल्या एका हॉटेलात सुनेने नेहमीप्रमाणे आचाऱ्यालाच बाहेर बोलावलं. पन्नाशीचा शांत माणूस.

"भैया, तडका तेल में. कढई अलग, चमचा अलग. रोटी पे बटर नहीं."

त्याने एकेक गोष्ट परत म्हणून दाखवली. मला मात्र लाज वाटत होती. शेजारच्या टेबलावरचे बघत होते.

जेवण आलं. नातीची डाळ नुसती पिवळी, माझ्या डाळीवर तुपाचा तवंग. मुलगा-सून हात धुवायला गेले. तूप कढवल्यावर त्यात दूध कुठे उरतं, असं मला ठाम वाटायचं. शिवाय तुपाविना भात म्हणजे पोरीचे हालच. मी माझ्या वाटीतलं वरचं चमचाभर तूप तिच्या भातावर ओतलं.

"आजोबा, इज इट सेफ?"

"खा गं. आजोबा देतायत ना?"

तीन घास झाले असतील. तिचे ओठ सुजले, ती गळा ओरबाडू लागली, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. सून धावत आली. पर्समधलं ॲलर्जीचं इंजेक्शन तिने जीन्सवरूनच पोरीच्या मांडीत दाबलं.

"काय खाल्लं हिने? बाबा, काय खाल्लं?"

नात माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "तिचीच डाळ."

मुलगा आचाऱ्यावर ओरडला, "मार डालोगे क्या बच्ची को?" तो हात जोडून एवढंच म्हणत राहिला, "साहब, मैंने खुद बनाया. तेल में बनाया."

नात वाचली. तिनेही कुणाला काही सांगितलं नाही. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

परतीच्या आदल्या दिवशी एकटाच बसने त्या हॉटेलात गेलो. आचाऱ्याला मालकाने चुलीवरून काढून भांड्यांवर लावलं होतं. ओले हात पुसत तो बाहेर आला.

"बच्ची कैसी है, अंकल?"

"अच्छी है."

"शुक्र है," तो म्हणाला आणि माझ्यासाठी चहा सांगून आत गेला. मी तो संपवला आणि उठलो. बसमध्ये जुळवलेलं वाक्य तोंडातच राहिलं: भाईसाहब, घी मैंने डाला था. आपकी कोई गलती नहीं थी. मुझे माफ कर दीजिए.