दोन बोटं कमी पडलेली फीत

फुगेकाकूला खरं नाव आहे, पण ते मतदार यादीलाच माहीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिच्या नवऱ्याचं पंक्चरचं दुकान. एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या दिवशी फुगे भरायचा पंप बिघडला, ते लोक धावत दुकानात आले आणि नवऱ्याने टायरच्या कॉम्प्रेसरवर दोनशे फुगे फुगवून दिले. गाठी काकूने मारल्या. एक फुटला नाही की एक सुटला नाही. त्याला आता बारा वर्षं झाली. दुकानाच्या पाटीवर अर्ध्या भागात टायर आहे, अर्ध्या भागात फुगा. नवरा म्हणतो, "आयुष्यभर हवाच भरत आलो, गिऱ्हाईक तेवढं बदललं."

काकूचं मुख्य काम बेबी शॉवरचं. पूर्वी ते सोपं होतं. निळे-गुलाबी फुगे, मागं चकचकीत पडदा, पुठ्ठ्याची अक्षरं, की निघाली घरी. आता गिऱ्हाईक मोबाइल पुढे करत येतं. त्यांना सायीचा रंग हवा, वाळक्या पानाचा हवा, धुऊन धुऊन विटलेल्या कापडाचा गुलाबी हवा. नवऱ्याला हे पटत नाही. "नवे फुगे आणायचे आणि ते जुने दिसले पाहिजेत म्हणायचं. टायर असा कुणी मागितला नाही अजून." कमानीत सगळे फुगे एका मापाचे चालत नाहीत, लिंबाएवढ्यापासून कलिंगडाएवढे लागतात, म्हणजे कमान ढगासारखी दिसते. बसायला वेताची उंच पाठीची खुर्ची. एका भिंतीवर दोऱ्या, त्यांना पाहुण्यांनी बाळाला लिहिलेल्या चिठ्ठ्या अडकवायच्या. मग खेळ. आईच्या पोटाचा घेर किती, हे लांबून बघून प्रत्येकाने अंदाजानं फीत कापायची आणि शेवटी मापून बघायचं. जाताना पाहुण्याच्या हातात वाटीएवढ्या कुंडीत एक रोप.

या सगळ्यात काकूची स्वतःची अशी एकच युक्ती, आणि ती गावभर उचलली गेली. मनगटाचा फुलपट्टा. गळ्यातला हार टोचतो, फोटोत हनुवटीशी गर्दी करतो. त्यापेक्षा साटीनच्या फितीवर कापडी फुलं शिवायची आणि मनगटावर बांधायची. कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी ती गिऱ्हाइकाच्या घरी जाते, नाहीतर पोरीलाच दुकानात बोलावते, मनगटाभोवती फीत गुंडाळते, वर एक बोट जास्त सोडून कापते, नावाची चिठ्ठी टाचते आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. एक बोट जास्त, कारण शेवटच्या महिन्यांत हात थोडे भरतात. थोडेच. पोट वाढतं, गाल वर येतात, पण मनगट हे हाडाचं काम. दहा दिवसांत ते एका बोटापलीकडे जात नाही.

एकदा गेलं होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक शिक्षिका होती, हसरी. कार्यक्रमाच्या दिवशी फुलपट्टा बांधायला घेतला तर टोकं भेटेनात. दोन बोटांची फट. काकूला वाटलं, आपणच मापात चुकलो. तिने मागून तुकडा जोडला, वर मोठी गाठ मारली, कुणाला कळलंसुद्धा नाही. शिक्षिका तीन तास खुर्चीत बसली, गर्दीनं डोकं जड झालंय म्हणाली, तरी प्रत्येक फोटोत हसली. बाळ घरी येईल त्या दिवसाचे फुगेही तिने तेव्हाच सांगून ठेवले.

सहाव्या दिवशी तिच्या दिराचा फोन आला. "काकू, ते फुगे नकोत." एवढंच. आणि ठेवला.

बीपी वाढलं होतं, ती आणि बाळ दोघंही गेली, हे काकूला वाण्याच्या दुकानात कळलं. तिला कुणी बोल लावला नाही. लावणार कशाला, फुगेवालीचा काय संबंध? पण ती दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातल्या नर्सबाईंपुढे जाऊन उभी राहिली आणि विचारून आली. हात-तोंड एकाएकी सुजलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर तासभरही थांबायचं नाही. पोरं पाढे पाठ करतात तसं तिने ते पाठ केलं. जोडलेल्या तुकड्याचा उरलेला भाग डब्याच्या तळाशी ठेवला.

आणि त्या शिक्षिकेचा फोटो फिरतच राहिला. नवी गिऱ्हाइकं तोच पुढे करतात. "काकू, अगदी अस्संच हवं." काकू बघते आणि हो म्हणते.

यंदा एका रविवारचं गिऱ्हाईकही तोच फोटो घेऊन आलं होतं. सातवा महिना सरत आलेला. कापडाच्या दुकानावरचा हॉल, विषय आकाश: ढगांची कमान, वर चंद्र, मागं काळपट निळा पडदा, त्यावर बारीक दिव्यांच्या माळा. सगळा कारभार होणाऱ्या आईच्या नणंदेच्या हातात. कानात फोनची कांडी, हातात कागद.

"काकू, चारला एंट्री, चार दहाला फोटो, साडेचारला केक. पाच मिनिटं इकडं-तिकडं झाली तर मी वेडी होईन."

"आत्ता कुठं शहाण्या आहात, ताई," शिडीवरून काकूचा नवरा पुटपुटला. तिला ऐकू गेलं नाही म्हणून बरं.

तीनच्या सुमारास सूनबाई आली. काकू फुलपट्टा घेऊन मागच्या खोलीत गेली. पोरगी आरशापुढे बसली होती, अंगात ढगाच्या रंगाचा पायघोळ झगा. खुर्चीखाली सोनेरी सँडल कोरे करकरीत पडलेले आणि पायात नवऱ्याच्या रबरी चपला.

"दे बघू हात."

काकूने पट्टा मनगटाभोवती घेतला. टोकं भेटली नाहीत. तिने हात खाली सोडायला लावला, वर उचलायला लावला, पुन्हा घेतला. मधल्या फटीत आपली बोटं ठेवली. दोन. बरोब्बर दोन बसली.

"अंगठी कुठंय गं तुझी?"

"काल साबण लावून काढली. रुतायला लागली होती." पोरीने गळ्यातली साखळी दाखवली, अंगठी तिच्यात ओवलेली. पापण्या अशा फुगलेल्या, की रंग लावूनही डोळे बारीक दिसत होते.

"डोकं दुखतंय?"

"सकाळपासून ठणकतंय. ताईंना नका सांगू हं, म्हणतील नाटकं करते."

"डॉक्टरकडं कधी गेलीस?"

"परवा जायचं होतं. पण फोटोवाल्याने तोच दिवस दिला. मग पुढच्या आठवड्यावर ढकललं." मग ती काकूच्या खांद्यावरून मागच्या कोऱ्या भिंतीकडे बघत हसली. "पण काकू, दिवे मस्त लावलेत तुम्ही. किती बारीक लुकलुकतायत."

काकू वळली नाही. दिव्यांच्या माळा तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होत्या. अजून वेटोळंही सुटलं नव्हतं.

ती बाहेर आली आणि नणंदेला गाठलं. "ताई, हिला आत्ताच्या आत्ता बीपी बघायला न्या. दोन गल्ल्या सोडून दवाखाना आहे, रविवारी उघडा असतो."

"काय झालं?"

"पट्टा दोन बोटं कमी पडतोय."

नणंदेने तिच्याकडे असं बघितलं, जसं मीठ जास्त झालं म्हणून कुणी पोलीस बोलवायला सांगावं. "मग जोडा की! तुमचंच माप चुकलं असणार. दोन बोटांसाठी ऐंशी माणसांचा कार्यक्रम थांबवू?"

"माप चुकलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे चमकतंय."

सासू जवळच केकच्या टेबलाशी होती, ती पुढे झाली. "हे बघा बाई, आम्हीही बाळंतपणं केलीत. अंग सुजतंच. चांगल्या दिवशी तोंडातून असलं काढू नका. तुमचे फुगे तुम्ही बघा."

होणारा बाप कुंड्यांचं खोकं घेऊन जिन्यावरून वर येत होता. काकूने त्यालाही सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. पण त्याने आधी आईकडे बघितलं, मग बहिणीकडे. "कार्यक्रम झाला की लगेच नेतो, काकू."

"किती वाजता?"

"सात होतील."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. काकू मोजत उभी राहिली. पावणेचार तास. शिक्षिका तीन तास बसली होती.

मग ती कमानीपाशी गेली. सहाशे फुगे, सकाळपासूनचं काम. सगळा भार छताच्या आकड्यातून ओढून घेतलेल्या एका दोरीवर. खाली फोटोवाल्याचे मोठे दिवे तापत ठेवलेले. नवरा शिडीवर चंद्र बांधत होता.

"उतरा खाली."

"अगं, चंद्र लावतोय."

"राहू दे चंद्र. उतरा."

तीस वर्षांचा संसार. बायकोच्या हातात कात्री कशी धरलीय ते बघून तो काही न विचारता उतरला.

काकूने दोरी कापली. कमान एकदम पडली नाही. दमलेलं जनावर बसतं तशी आधी मधून वाकली, मग खाली टेकली. आणि खालचे फुगे तापल्या दिव्यांवर फुटायला लागले. एक, मग चार, मग मोजता येईनात. नणंद किंचाळली. आवाज थांबले तेव्हा रबराचा जळका वास राहिला आणि खुर्चीवर सायीच्या रंगाच्या चिंध्या.

"दोरी तुटली," काकू म्हणाली. कात्री कमरेला गेली होती. "पाऊण तास लागेल उभी करायला. तोवर फोटो नाही न् काही नाही." ती होणाऱ्या बापाकडे वळली. "रिकामी बसून काय करणार ती? बीपी मोजायला दोन मिनिटं लागतात. काही निघालं नाही, तर परत येऊन सगळ्यांपुढे माझ्या तोंडाला काळं फासा."

त्याने या खेपेला कुणाकडे बघितलं नाही. खिशातून किल्ली काढली.

पोरगी जिना उतरताना काकू वरून बघत होती. एक हात भिंतीला, आंधळं माणूस चाचपतं तसा पाय पुढच्या पायरीला. तिसऱ्या पायरीवर पाय चुकला. नवऱ्याने धरलं.

काकूने कमान पस्तीस मिनिटांत उभी केली, मागच्या पडद्यावर माळाही सोडल्या. नवरा हवा भरत होता, ती गाठी मारत होती. पाहुणे आले, चिठ्ठ्या लिहून झाल्या, दाराशी लावलेला पोरीचा फोटो बघून फिती कापून झाल्या. खुर्ची रिकामी. साडेचारला, केकच्या वेळेला, नणंदेचा फोन वाजला. तिने ऐकलं आणि त्या वेताच्या खुर्चीत स्वतःच बसली.

"दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलात हलवलं," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कळेना. "दारात पोचताना फिट आली."

ऐंशी माणसं हातात कापलेल्या फिती घेऊन उभी होती. ज्या पोटाचा अंदाज केला ते पोट तिथं नव्हतं. फीत कुठं ठेवायची तेही कुणाला सुचेना. कुणी खिशात घातली, कुणी हळूच टेबलाखाली सोडली. काकूने माळांचा प्लग काढला.

पुढचे पाच दिवस काही कळलं नाही. काकूने फोन केला नाही. नवरा म्हणाला, "विचार की."

"काय विचारू? फुगेवालीने फोन केला म्हणजे पुढचे फुगे कधी आणू, असंच वाटणार त्यांना."

नणंदेने मात्र लिहिलं होतं, मोबाइलवर, सगळ्यांना दिसेल असं. ऐन वेळी कमान कोसळली, निष्काळजी काम, कुणी बोलावू नका. दोन गिऱ्हाइकं त्याच आठवड्यात गळाली.

"उत्तर दे तिला," नवरा म्हणाला.

"काय देऊ? पडली ना कमान?"

ती दिवसभर दुकानात बसायची आणि फोन वाजला की आधी नंबर बघायची. सहाव्या दिवशी सकाळी वाजला. सासूचा. नवरा टायर सोडून उठला. काकूने फोन कानाला लावला.

"फुगे नकोत," सासू म्हणाली.

काकू पान्यांच्या पेटीवर खाली बसली. पलीकडे लांब कुठंतरी एखादं यंत्र टिक-टिक करत होतं.

"ऐकताय ना? आत्ता नकोत म्हटलं. पोरगं दीड किलोचं आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय. महिना तरी सोडत नाहीत. पुढचं कुणी सांगत नाही." सासूचा आवाज घोगरा होता. "सून काल उठून बसली. एका डोळ्याने अजून अंधुक दिसतं."

"बरं," काकू म्हणाली.

"घरी आणू तेव्हा कळवते. लहान कमान बांधा. आणि..." सासूने आवाज खाली आणला. "मी दोरी बघितली होती. तुटलेली दोरी विसविशीत असते. तुमची सरळ होती."

काकूने कमरेची कात्री चाचपली.

"माझ्या लेकीला सांगितलेलं नाही मी. सांगणारही नाही, उगाच तोंड वाढेल तिचं. ठेवते."

नवरा समोर उभा होता, हात ग्रीसने काळे. "काय म्हणाल्या?"

"लहान कमान."

त्याने मान डोलावली आणि टायरकडे गेला. काकूने पत्र्याचा डबा उघडला. रविवारची फीत तिने फुलं उसवून आणली होती. ती तळाशी, शिक्षिकेच्या तुकड्याशेजारी ठेवली. महिना मोठा असतो, हे तिला माहीत होतं. मग नवी फीत घेतली, कारण साडेअकराला एक पोरगी माप द्यायला यायची होती, आणि ती पोरगी दुकानात शिरताना काकूने तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. आधी हात बघितले.