सात अर्ज आणि पाठमोरा गुरुदास

आमच्या आणि गुरुदासच्या घरामध्ये एक चिऱ्याचा गडगा आहे, कमरेएवढी दगडी भिंत. गेल्या जूनमध्ये त्या गडग्यापलीकडे हा गृहस्थ आठ दिवस नुसता फेऱ्या मारत होता. विहिरीवर जाई आणि कळशी न भरताच परत येई. बायकोने, म्हणजे सीतावहिनींनी, दिलेला चहा माडाच्या आळ्यात ओती. असं दिसल्यावर माझ्यासारख्याने गप्प बसायचं कसं?

गुरुदास हायस्कुलात कारकून. आठवीच्या सेमी-इंग्रजी तुकडीत तीन जागा उरल्या होत्या आणि सारख्या गुणांचे सात अर्ज होते. एक त्याच्या मुलीचा, ओवीचा. अशा जागा दरवर्षी मुख्याध्यापकांच्या खोलीत दार लोटून भरल्या जात. एकदा यादी फळ्यावर लागली, की कोणाला का मिळाली ते विचारायची सोय नाही. मी तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर जाहीर करून टाकलं, की दार लोटणाराच गुरुदास, म्हणजे ओवीची जागा पक्की. वर गडग्यावरून त्याला विचारलं, "रे गुरुदास, पेढे देवगडचे हाडतलस काय कणकवलीचे?"

तो हसला नाही. मागाहून वहिनींकडून कळलं, की मुख्याध्यापकांनी खरंच 'घरच्या माणसाचं आधी बघू' असं त्याला सांगितलं होतं. ओवीने तर नव्या वह्यांना कव्हरंसुद्धा घातली होती.

दुसरा असता तर निवांत झोपला असता. पण हा सुट्टीच्या दिवशी मिठबावच्या किनाऱ्यावर रापणीची दोरी ओढायला जाणारा. जाळं ओढून मासळीचे वाटे पडले, की एकजण समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून 'ह्यो कोणाचो' विचारतो आणि पाठमोरा न बघता नाव घेतो. वीस वर्षं तो पाठमोरा गुरुदासच. स्वतःच्या नावावर नुसती स्वस्तातली तारली आली तरी मान वळवत नाही.

नवव्या दिवशी तो मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला आणि सातही अर्ज घेऊन बाहेर आला. आत काय बोलणं झालं ते मला अजून कळलेलं नाही. हे मी कबूल करतो, यातच काय ते आलं. त्याने बाकीच्या सहा पालकांना व्हरांड्यात बोलावलं आणि मलाही.

"बोट तू ठेव," तो म्हणाला. "तुझ्या तोंडाक कुलूप लागलां, म्हणजे गावाच्या तोंडाक लागलां."

पालकांनी अर्ज पालथे करून पिसले आणि बाकावर मांडले. गुरुदास मैदानाकडे तोंड करून उभा राहिला. तीनदा 'भितर' म्हणायचं, चारदा 'भायर'. कोणता अर्ज कोणाचा ते ना त्याला ठाऊक, ना मला.

"ह्येका?"

"भितर."

"ह्येका?"

"भितर."

तिसऱ्यावर बोट ठेवलं. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"भायर."

सातही झाल्यावर अर्ज उलटले. तिसरा ओवीचा होता.

त्याच बाकावर बसून त्याने यादी लिहिली. पहिला 'भायर' तिचाच, म्हणून प्रतीक्षा यादीत पहिलं नाव ओवीचं. फळ्यावर लावली, तेव्हा कोणी काही विचारलं नाही.

वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. ओवी मात्र गडग्यापाशी येऊन माझ्याशी बोलली. "काका, गावभर लोकांकडे बोट दाखवतास, आणि ठेवलास ता माझ्याच अर्जार?"



ती आता दुसऱ्या तुकडीत बसते. गुरुदासच्या फेऱ्या थांबलेल्या नाहीत. भितर गेलेल्यांपैकी कोणाच्या वडलांची बदली झाली, कोणी दाखला काढतंय का, याची चौकशी मी तिठ्यावर रोज करतो. गुरुदासला विचारत नाही.