उपरण्याखालचा भाव

नातवानं नवी गाडी दारात उभी केली. "आजी, बस की! लई घासाघीस करून घेतलीय." दार उघडताच कोऱ्या गाद्यांचा वास आला आणि माझा पाय तिथंच अडला.

मी तेरा वर्षांची होते. सोलापुरात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. माझ्या लग्नात नवऱ्या मुलानं मोटार मागितली होती. ती बघायचा हट्ट मीच धरला, म्हणून वडिलांनी मला दुकानात नेलं. ते बैलांचे व्यापारी. बाजारातल्या सवयीनं त्यांनी विक्रेत्याच्या हातावर उपरणं टाकलं आणि खालून त्याची बोटं दाबून भाव सांगू लागले. तो हसला, "अहो, तोंडानं बोला की!"

वडील हटले नाहीत. बैलाचे दात बघावेत तसं त्यांनी बॉनेट उघडून आत पाहिलं, टायर दाबले, भोंगा दहादा वाजवला. दुपार उलटल्यावर भाव उतरला, तेव्हा मिशीवर हात फिरवत मला म्हणाले, "बघितलंस? तुझा बाप फसत न्हाय."

मलाही त्यांचा केवढा अभिमान वाटला होता!

नवरा मुलगा कसा आहे, याची मात्र त्यांनी कुठंच चौकशी केली नव्हती. त्या मोटारीत मी एकदाच बसले, सासरी जाताना. मला माहेरी न्यायला तिला पुन्हा कधी पेट्रोल मिळालं नाही.